लांब ठोका दीडपट, दुप्पट नव्हे

अमेरिकेतली सर्वांत मोठी बल्गेरियन वस्ती शिकागोच्या परिसरात आहे. तिथे काय किंवा दुसऱ्या कुठल्या परदेशी शहरात काय, होरो, म्हणजे हात धरून साखळीत करायचा बल्गेरियन लोकनाच, शिकवताना आधी बिघडते ती लय. पावलं व्हिडिओवरून परत मिळवता येतात. लय बिघडलेली मात्र बरेचदा कळतसुद्धा नाही.

राचेनित्सा हा नाच 7 मात्रांचा, 2+2+3. परदेशात वाढलेल्या मुलांच्या कानात चार-चारचं पॉप संगीत मुरलेलं असतं. त्यांना ‘जलद, जलद, संथ’ असं सांगितलं की ती शेवटचा ठोका दुप्पट लांबवतात. 3 चे 4 होतात, एकूण 8 भरतात आणि नाचाची कवायत होते. लांब ठोका आखूड ठोक्याच्या दीडपटच हवा. म्हणून आकडे मोजण्यापेक्षा बोल म्हणावेत. तबला कानावर असलेल्यांना हे लगेच पटेल: ‘तक तक तकिट’ म्हणायचं आणि टाळी फक्त प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर द्यायची. 11 मात्रांचा कोपानित्सा हा नाच याच हिशेबाने ‘तक तक तकिट तक तक’. चेत्वोर्नो होरोत लांब ठोका आधी येतो, 3+2+2, म्हणजे आपल्या रूपकाचेच खंड. आधी बसून टाळ्या, मग जागच्या जागी चालणं, पावलं त्यानंतर. सरावाला मूळ रेकॉर्डिंगच 70-75 टक्के वेगावर लावावं. शिक्षकाने तोंडी मोजून वेग उतरवला की लांब ठोका हमखास फुगतो.

प्रावो होरो सगळ्यांत सोपं समजतात, आणि घोटाळा तिथेच होतो. थ्रेस या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या प्रचलित प्रकारात पहिल्या आवर्तनात उजवं-डावं पाऊल झटपट, दुसऱ्यात उजवं संथ पुढे, तिसऱ्यात डावं संथ मागे. नाच 3 आवर्तनांचा, धून बहुधा 8 ची, त्यामुळे दोघांची सुरुवात 24 आवर्तनांनंतरच पुन्हा एकत्र येते. नवखे धून उलटली की पाऊल पहिल्यापासून धरतात आणि अख्खी साखळी अडखळते. स्टेजसाठी एक आवर्तन वाढवून हिशेब जुळवण्याचा मोह होतो. तसं अजिबात करू नये. धुनीला तिरकं छेदत जाणं हाच या नाचाचा जीव आहे.

सोफियाभोवतालच्या शोप प्रदेशातल्या बऱ्याच नाचांत शेजाऱ्याचा कंबरपट्टा धरतात, डावा हात त्याच्या हातावरून. जीन्सच्या चामडी पट्ट्यात बोटं अडकतात आणि सैल पट्टा वर सरकतो, म्हणून कापडी शेला घट्ट गुंडाळावा. पट्ट्याला लोंबकळू नये. एकाने भार टाकला की ओढ पूर्ण रांगेला बसते. रबरी तळाचे बूट जमिनीला चिकटतात आणि वळताना गुडघा पिळवटतो. ईशान्येकडच्या दोब्रुजा प्रांताचे नाच गुडघे वाकवून, अख्खं पाऊल आपटत करायचे असतात. ते सिमेंटवर शिकवू नयेत, नडग्या दुखतात. लाकडी जमीन शोधावी.

साखळीचा म्होरक्या उजव्या टोकाला असतो. नंतर येणाऱ्याने शेपटाला जोडून घ्यावं, म्होरक्याच्या पुढे कधीच नाही. पण शेपटाकडून म्होरक्याचे पाय दिसत नाहीत, तेव्हा सरावात एक जाणता माणूस तिथेही हवा.

1951 मध्ये संगीतकार फिलिप कुतेव यांनी बल्गेरियात सरकारी लोककला समूह उभा केला. अशा समूहांची रंगमंचीय शैली देखणी आहे, पण ती प्रेक्षकांकडे तोंड करून बसवलेली असते. परदेशातली मंडळं त्यांचेच व्हिडिओ बघून शिकतात, आणि शोपांची बारीक, चपळ पावलं नि दोब्रुजाची जड पावलं एकसारखी दिसू लागतात.

यावर उपाय घरातच असतो: मुलांकडे राहायला येणारे गावाकडचे आजी-आजोबा. त्यांचं चित्रीकरण पाठीमागून करावं, म्हणजे शिकणाऱ्याला उजवं-डावं उलटं दिसत नाही. चौकटीत डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं यावं, झूम नको, आणि म्होरक्या पावलं बदलतो ते टिपेपर्यंत कॅमेरा बंद करू नये. गाव कोणतं, हात कसे धरायचे, पुरुष नाचायचे की बायका, गाण्यावर की गायदा (पिशवीची पुंगी) आणि तपान (मोठा ढोल) यांवर, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं. फाइलच्या नावात नाचाच्या आधी गाव लिहावं, कारण राचेनित्सा प्रत्येक प्रांतात आहे आणि प्रत्येक प्रांतात वेगळी आहे.