तुम्ही विचारलंत म्हणून: तेरा गाड्यांची कंपनी

अमेरिकन मोटारींचा विषय निघाला की मी ड्युरिया या जुन्या मोटार कंपनीवर येतो, आणि मग हमखास विचारणा होते: फोर्ड सोडून, तीन वर्षांत बंद पडलेल्या कंपनीचं एवढं काय?

एवढंच, की १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला या कंपनीने एकाच आराखड्यावरून तेरा मोटारी बांधल्या. त्याआधी अमेरिकेत कुणी मोटार केली तर ती एकुलती एक. दुसरी हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विकण्यासाठी एकसारख्या गाड्या बनवायची वाट इथे पडली. फोर्ड मोटर कंपनी निघाली १९०३ साली.

चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिया हे सायकलीच्या धंद्यातले भाऊ. कल्पना चार्ल्सची, भांडवल देणारा माणूसही त्यानेच गाठला. पण १८९२ मध्ये तो इलिनॉयला निघून गेला आणि अर्धवट काम धाकट्या फ्रँकच्या गळ्यात पडलं. इंजिन नीट चालेना, फ्रँकने ते नव्याने रचलं. सत्तर डॉलरला घेतलेल्या जुन्या बग्गीवर ते बसवून सप्टेंबर १८९३ मध्ये गाडी रस्त्यावर आणली. ती बग्गी आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

२८ नोव्हेंबर १८९५ ची शिकागोची शर्यत मला सगळ्यात प्रिय. शिकागो ते इव्हान्स्टन आणि परत, सुमारे ५४ मैल, रस्ताभर बर्फ. सहा गाड्या सुटल्या, दोनच पोचल्या. फ्रँकच्या गाडीचं स्टिअरिंग वाटेत तुटलं, तेव्हा लोहाराचं दुकान गाठून त्याने ते दुरुस्त केलं. दहा तासांहून अधिक वेळ लागला, तरी पहिला तोच आला. दोन हजार डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्या नावावर गिऱ्हाइकं येऊ लागली.

१८९८ मध्ये कंपनी मिटली. भाऊ वेगळे झाले आणि 'गाडी कुणाची' यावरून भाऊबंदकी आयुष्यभर चालली. चार्ल्स १९३८ मध्ये गेला, फ्रँक १९६७ पर्यंत जगला. मोठ्या भावाने सारं श्रेय स्वतःकडे ओढलं, याचा मला अजून राग येतो. कल्पना त्याची होती, हे मान्य. पण ती चालवून दाखवली फ्रँकने, चार्ल्स शेकडो मैल दूर असताना.