खापरपणजोबांची खापरं

मराठीत खापराला फारसा मान नाही. काही बिघडलं की ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं, एवढाच त्याचा उपयोग. पण पणजोबांच्याही मागचा माणूस सांगायची वेळ आली की हेच खापर नात्यात पुढच्या पाटावर येऊन बसतं: खापरपणजोबा. तेरच्या संग्रहालयात हा शब्द हटकून आठवतो. तिथली नाती त्याहूनही पुष्कळ मागची आहेत आणि त्यांचा पुरावा बहुतेक खापरांचाच आहे.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं गाव, गोरोबाकाकांचं. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते येतं: पैठणपासून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर मोठं नगर, आणि तिथून साधं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जातं. कापड कधीच कुजून गेलं. गाडीवानांनी ज्यात पाणी प्यालं, ती भांडी फुटून उरली.

संग्रहालय उभं आहे ते गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर. इतकं कसं सापडत गेलं, याचं उत्तर ‘पांढरी’त आहे. काळी शेताची, पांढरी वस्तीची, अशी आपल्याकडची जुनी वाटणी. शेकडो वर्षांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साठून वस्तीचं टेकाड पांढुरकं होतं. ही माती माळवदावर घालायला उत्तम, म्हणून लोक ती खणून नेतात. खणलेल्या कडा पावसात ढासळल्या की मणी, नाणी, मूर्ती उघड्या पडतात. टेकाडाचं नुकसान आणि संग्रहाची वाढ एकाच कुदळीनं होते, हे जरा अवघड जागेचं दुखणं आहे.

पाहुणे आधी हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी थांबतात, आणि थांबावंही. तिच्या जवळच्या नात्यातली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली, आणि पाँपेई तर इ.स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. पण हस्तिदंत हाताळायला देता येत नाही. हवेतला दमटपणा वरखाली झाला तरी त्याला चिरा जातात. खापर देता येतं. काचेआड ठेवलेलं खापर आणि अंगणात पडलेलं कौल यांत शाळकरी पोराला काडीचा फरक दिसत नाही. तेच हातात दिलं की दिसतो. म्हणून लहान संग्रहालयानं १८ मेच्या संग्रहालय दिनाला किंवा १९ ते २५ नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात एकच कार्यक्रम करायचा ठरवला, तर भाषणं आणि रांगोळी स्पर्धा बाजूला ठेवून खापरं धुवायला बसवावं.

त्यासाठी खापरं निवडायची ती सुटी, म्हणजे कुठल्या थरातून आली याची नोंद नसलेली. संशोधनाला ती जवळपास निकामी; हातांना मात्र नेमकी हीच हवीत. एका वेळी मुलं १०–१२, जास्त नाही. चाळीसजण आले तर बाकीचे देवळाकडे पाठवावेत. त्रिविक्रमाचं देऊळ पाहण्यासारखंच आहे: मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठाकार, सगळं विटांचं, मूळचं बौद्ध चैत्यगृह.

धुण्याचं सामान म्हणजे दोन टोपल्या, दोन घमेली साधं पाणी आणि दात घासायचे मऊ ब्रश. साबण नाही, पावडर नाही. आधी फुटलेली कड धुवायची, मग आतली बाजू, शेवटी बाहेरची. कड आधी का, तर मातीचा खरा रंग आणि पोत तिथेच दिसतो, आणि पुढे जोडकाम निघालं तर कडेतली माती आड येते. रंगाची रेघ दिसली की ब्रश थांबवायचा, बोटानंच पाणी फिरवायचं. एखादं खापर पाण्यात पडताच बुडबुडे सोडून मऊ पडायला लागलं, तर ते कमी भाजलेलं आहे, लगेच बाहेर. कच्च्या मातीच्या मुद्रांना पाणी दाखवायचंच नाही, तासाभरात त्यांचा चिखल होतो. वाळवण सावलीत. वरून कोरडं दिसतं म्हणून ओलंच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं, की आठवड्यात बुरशी येते आणि आतली कागदी चिठ्ठी कुजते. चिठ्ठी गेली की नोंदीतलं खापरही सुटं झालं. वाळल्यावर पांढरी बुरी फुटली, तर ते मातीतले क्षार. खापर पुन्हा पाण्यात ठेवून ते पाणी रोज बदलत राहायचं.

धुऊन झालं की वाजवून पाहायचं. दोन बोटांत कड धरून नखानं हलकी टिचकी. नीट भाजलेलं खापर खणखणतं, कच्चं किंवा तडकलेलं बद्द बोलतं. ही परीक्षा तेरला कुणी शिकवायची! संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं प्रत्येकाचं मडकं वाजवलं आणि कुरकुरणारे नामदेव कच्चे ठरले, ही कथा तिथल्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ असते. मग कड पाहायची. दोन्हीकडे लाल आणि मधे राखाडी पट्टा असेल, तर आव्याला जाळ अपुरा पडला किंवा लवकर आवरला. आतून काळं, बाहेरून लाल असं भांडं भरपूर मिळतं. ते बहुधा पालथं भाजलेलं: तोंड खाली आणि आत पालापाचोळा कोंडलेला, त्यामुळे आत हवा पोचली नाही आणि तो भाग काळा राहिला, बाहेर हवा खेळली, तिकडे लाली आली. दोन रंग, भाजणी एकच. दोनदा भाजलं असणार, असं मुलं पैजेवर सांगतात.

सगळ्यात रमतात ती काठाच्या मोजमापात. काठाचा तुकडा सपाट मेजावर पालथा ठेवायचा आणि खालून उजेड झिरपणार नाही असा पुढेमागे कलवायचा. तो टेकला की भांड्याचा मूळ कल मिळतो. मग एक-एक सेंटीमीटरनं वाढत जाणाऱ्या वर्तुळांच्या कागदावर काठ सरकवत न्यायचा. २४ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसला आणि त्याचा आठवा हिस्सा व्यापला, तर तोंड २४ सेंटीमीटरचं आणि काठाचा आठवा भाग आपल्या हातात. विसाव्या हिश्श्याहून कमी असेल तर व्यास सांगायच्या भानगडीत पडू नये. हातानं घडवलेला काठ कुठेच अचूक गोल नसतो, आणि इतका लहान तुकडा चार वर्तुळांवर सारखाच बसतो. माठाचा काठ आणि ताटलीचा काठ ओळखता आला की ताटातलं जेवणही डोळ्यांपुढे यायला लागतं.

तेरच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या पोकळ मूर्तींकडे जरा बाजूनं पाहावं. कानामागून खाली एक शिवण गेलेली दिसते. पुढचा आणि मागचा साचा वेगळा, दोन्हींत मातीची पोळी दाबून मग जोड. हे मुलांकडून करून घ्यायचं तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे आठवडाभर आधी करावेत: वजनानं १० भाग प्लास्टरला ७ भाग पाणी, आणि पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, उलट नाही, नाहीतर गुठळ्या होतात. साचा अर्ध्या तासात घट्ट होतो, पण ओला साचा मातीतलं पाणी शोषत नाही आणि मूर्ती त्यातच चिकटून बसते, म्हणून आठवडा. दोन अर्धे सारख्याच ओलाव्याचे हवेत, नाहीतर कमी-जास्त आकसून शिवण उसवते. आणि पोकळ मूर्तीला कुठेतरी भोक हवंच. आत कोंडलेली वाफ आव्यात आपली वाट स्वतः काढते, शेजारच्या चार मूर्तींसकट.

कार्यक्रमाची बातमी गावात फिरली की दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून नाणी येतात. बहुतेक वेळा चिंचेनं लख्ख घासून! तांब्याच्या हिरवट थरातच पुष्कळदा अक्षरं टिकलेली असतात आणि चिंच तीच खाऊन टाकते. सातवाहनांची शिशाची नाणी त्याहून नाजूक. ती लाकडी कपाटात जपून ठेवली की लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यांची पांढरी भुकटी होते. आजोबांची सागवानी पेटी दागिन्यांना चांगली, शिशाला लोखंडी कपाट बरं. आणि १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, हेही तेव्हाच गोडीत सांगून टाकावं. ‘कुठे सापडलं’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा आणि उत्तर समोरच वहीत उतरवायचं: कुणाचं शेत, टेकाडाची कुठली बाजू, किती हात खोल. किमतीची गोष्ट निघाली की ही उत्तरं झपाट्यानं बदलायला लागतात.

संध्याकाळी खापरं मोजून पेटीत घालायची. सकाळी ४० काढली असतील तर ३९ भरण्याची तयारी ठेवावी. खिशांचा भरवसा नसतो. पण तेरसारख्या गावात ४१ सुद्धा भरतात. कुणीतरी घरून येताना वाटेत सापडलेलं आणलेलं असतं आणि धुण्याच्या नादात टोपलीतच विसरलेलं असतं. ते कुठलं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मग तेही सुट्या खापरांच्या पेटीत जातं, पुढच्या नोव्हेंबरसाठी.