मुलांना घेऊन मुंबईत दोन दिवस: बेताच्या खर्चात काय दाखवाल?

"मुलांना घेऊन दोन दिवस मुंबईत येतोय, फार खर्च न करता काय दाखवू?" दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

मुंबईत पैसे तिकिटांपेक्षा जास्त धावपळीत जातात. सकाळी जुहू, दुपारी गेटवे, संध्याकाळी वांद्रे असा बेत केला की मुलं दमतात, मग टॅक्सी, मग हॉटेलात जेवण. म्हणून एका दिवशी एकच भाग धरा. पहिला दिवस फोर्ट आणि मरीन ड्राइव्हला द्या, दुसरा राणीबागेच्या प्राणिसंग्रहालयाला.

सामान बरोबर असेल तर सीएसएमटी स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्रही मागतात. कुलूप नाही म्हणून परत फिरणारी कुटुंबं रोज दिसतात.

सीएसएमटीची इमारत फुकट बघायची आणि बाहेरून बघायची. रस्त्याकडच्या फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. मुलांना एवढं सांगा आणि मग भिंतींवर, खांबांच्या माथ्यांवर आणखी कोणते प्राणी-पक्षी कोरलेत ते शोधायला लावा. अर्धा तास सहज जातो. घुमटावरच्या बाईच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे, तेही त्यांनाच ओळखू द्या. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सावलीत चालत हुतात्मा चौक गाठता येतो. पुढे ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती, मध्ये क्रिकेट. मैदानाभोवतीचा हा परिसर 2018 पासून जागतिक वारसा आहे. रविवारी सकाळी फोर्टचे रस्ते मोकळे असतात, जमल्यास तोच दिवस धरा.

मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती बेस्टची दुमजली एसी बस. 115 नंबरची बस सीएसएमटीहून एनसीपीएला, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या नरीमन पॉइंटकडच्या टोकाला असलेल्या कलाकेंद्राला जाते. वरच्या मजल्यावरची पुढची सीट हवी तर सुरुवातीच्या स्टॉपवरच चढा. मधे चढलात तर ती मिळत नाही. एसी बसचं किमान भाडं सध्या 12 रुपये आहे. आता हिशेब बघा: काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये होतात. चार मोठी माणसं असतील तर तेवढ्या अंतराला बसपेक्षा टॅक्सी स्वस्त पडते. अंतर बरंच वाढलं की मात्र बसच. आणि रिक्षा शोधत थांबू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत.

एनसीपीएला चारच्या आत पोचू नका. मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या कट्ट्याचा दगड तापलेला असतो आणि सावली नसते. सूर्य डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे, त्याच्या तासभर आधी जाऊन बसा. गिरगाव चौपाटी तिथून साधारण तीन किलोमीटर आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला हे अंतर पेलत नाही, त्याच्यासाठी मधेच बस धरा. पावसाळ्यात येणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या वेळी कट्ट्यावर मुलांना नेऊच नका. लाट कट्टा ओलांडून रस्त्यावर येते.

परतीला चर्नी रोड स्टेशन जवळ आहे, पण जलद गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत. साडेपाच ते साडेआठ मुलांना घेऊन लोकलमध्ये चढायचा विचारही करू नका. चौपाटीवर भेळ खात नऊ वाजू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भायखळा पूर्वेला उतरून दहा मिनिटं चालत राणीबाग. मोठ्यांना 50 रुपये, मुलांना 25. आई, वडील आणि दोन मुलं असतील तर खिडकीवर कुटुंबाचं 100 रुपयांचं तिकीट नाव घेऊन मागा. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. बेत फसतो तो नेमका इथे. उघडल्याबरोबर आत जा आणि आधी पेंग्विन बघा, अकरानंतर तिथली रांग वाढत जाते.

शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद. त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. घारापुरीच्या बोटीचा खर्च चौघांना परवडत नसेल, तर तिथला हत्ती तरी मुलांना इथे बघायला मिळतो.