नव्या रायफलची पहिली ४०० काडतुसे

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी ०.२२ ची (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची) नवी अर्धस्वयंचलित रायफल घेतली आणि पहिल्याच दिवशी १०० काडतुसांत ती १७ वेळा अडकली. रायफल घेण्यामागचा माझा हेतू अगदी मर्यादित होता. अमेरिकेत प्रोजेक्ट ॲपलसीड या नावाने नेमबाजीची दोन दिवसांची शिबिरे भरतात. तेथील चाचणीत ४० गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी २१० गुण मिळाले की ‘रायफलमन’चा बिल्ला मिळतो. या चाचणीच्या एका टप्प्यात उभे असताना खाली बसून, मध्ये मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलून, ५५ सेकंदांत १० गोळ्या झाडाव्या लागतात. अशा वेळी रायफल एकदा जरी अडकली, तरी ती मोकळी करण्यात १०-१५ सेकंद सहज जातात आणि उरलेल्या गोळ्या घाईघाईने कुठेही लागतात. वसंतातल्या शिबिरात नाव नोंदवून बसलेल्या माणसाला १७ हा आकडा झोप उडवायला पुरेसा होता.

कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीमध्ये मी ०.२२ चीच रायफल चालवली होती. पण ती बोल्ट ॲक्शन होती, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही याच काडतुसावर आणि हातानेच बोल्ट फिरवून. हाताने चालणाऱ्या रायफलमध्ये पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, अडली तर ते बोटांना आधी कळते आणि थोडा जोर लावला की काम भागते. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये हे सगळे काम काडतुसातल्या दारूने करायचे असते. तिच्यात जेवढे बळ आहे तेवढ्यातच सारे उरकावे लागते, कारण जादा जोर लावायला तेथे कोणी नसते.

ही रायफल ‘ब्लोबॅक’ पद्धतीची आहे. तिच्या बोल्टला कुलूप नसते. बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, बंद राहते. गोळी नळीतून पुढे जात असताना तोच दाब पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी बोल्टला रेटते. बोल्टवरचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे लहानशी आकडी, पुंगळीची कड धरून ठेवतो. पुंगळी मागे जाऊन इजेक्टरवर, म्हणजे तिला बाहेर ढकलणाऱ्या खुंटीवर, आपटते आणि रायफलच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते. बोल्ट पूर्ण मागे जातो आणि परत येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, त्यामुळे नेमके कुठे बिनसले हे बघून कळत नाही. जे अडकून राहिले आहे, त्यावरूनच ते ओळखावे लागते.

माझी पहिली चूक येथेच झाली. रायफल अडकली की मी चिडून बोल्ट मागे ओढायचो, जे असेल ते खाली पाडायचो आणि पुढे चालू. आमच्या क्लबचे रेंज ऑफिसर हे कारखान्यात आयुष्य काढलेले वयस्कर गृहस्थ आहेत. ते बराच वेळ माझ्या मागे उभे होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, की अडकली म्हणजे नक्की काय झाले? मला सांगता येईना. १७ वेळा अडकली हे मी मोजले होते, पण त्या १७ मध्ये किती प्रकार होते हे मी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या खेपेला मी मुलीची जुनी चौकटीची वही बरोबर नेली आणि प्रत्येक अडथळ्याला हात लावण्याआधी, नळी निशाण्याकडे आणि बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवून, दिसेल ते लिहून काढले.

वहीत तीन प्रकार उतरले. बहुतेक वेळा रिकामी पुंगळी खिडकीत अर्धवट उभी चेपलेली असे. चुलीचे धुराडे छपरातून वर यावे तशी. काही वेळा मॅगझिनमधले वरचे काडतूस पुढे सरकतच नसे आणि बोल्ट त्याच्यावर टेकून अर्ध्यातच थांबे. आणि दोनदा नुसता खटका वाजला, बार झालाच नाही.

धुराड्यापासून सुरुवात केली. बोल्ट पुरेसा मागे गेला नाही की पुंगळी बाहेर पडायच्या आत तो परत येतो आणि तिला खिडकीत पकडतो. मी आवाज कमी व्हावा म्हणून स्टँडर्ड व्हेलॉसिटीची काडतुसे घेतली होती. त्यांची ४० ग्रेनची (साधारण २.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने जाते, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी कमी, त्यामुळे तो चाबकासारखा फटकारा येत नाही. दुकानदाराने कोणतेही काडतूस चालेल असे सांगितले होते, आणि बोल्ट ॲक्शनसाठी ते खरेही आहे. नव्या, ताठ स्प्रिंगच्या ब्लोबॅक रायफलला मात्र ते बळ अपुरे पडू शकते. त्यात मिशिगनचा नोव्हेंबर, उणे ३ अंश तापमान आणि बोल्टवर कारखान्यातले दाट ग्रीस. ते ग्रीस गंज टाळण्यासाठी असते, वंगणासाठी नव्हे. पहिली गोळी झाडण्याआधी ते पुसून हलके तेल लावा, असे पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे. पुस्तिका मी सर्वांत शेवटी वाचली, हे वेगळे सांगायला नको.

आता ग्रीस पुसावे आणि काडतुसेही बदलावीत, असा मोह झाला होता. तसे केले असते, तर गुण कशामुळे आला हे कळले नसते. म्हणून आधी फक्त काडतुसे बदलली. हाय व्हेलॉसिटीची, सेकंदाला साधारण ३८० मीटर वेगाची काडतुसे घातल्यावर १०० मध्ये अडथळे ६ वर आले. मग रायफल साफ करून तेल लावले आणि ते ४ झाले. पण त्या चारांतली तीन धुराडीच होती, आणि आता बोल्ट जोरात मागे जात होता हे आवाजावरूनही कळत होते. मग पुंगळी मागे का राहत होती?

याचे उत्तर गॅरेजमधल्या टेबलावर मिळाले. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून आणि करंगळीने चाचपून खात्री केली, मग बोल्ट बाहेर काढला. एक रिकामी पुंगळी घेऊन तिची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकडीखाली सरकवली. आकडीने ती घट्ट धरून ठेवायला हवी होती; पण बोल्ट जरासा तिरका करताच पुंगळी टपकन टेबलावर पडली. पुन्हा केले, पुन्हा पडली. आकडी दाबून पाहिली तर ती हलायची, पण परत यायची नाही. दातकोरणीचे टोक तिच्या खाली घातले, तेव्हा वाळलेल्या डिंकासारखी तपकिरी खपली निघाली. कारखान्यातले ग्रीस आकडीच्या खाचेत गोठून बसले होते आणि मी केलेल्या सफाईत फडके तेथवर पोहोचलेच नव्हते. सॉल्व्हंटचे दोन थेंब टाकून खाच मोकळी केली, मग पुंगळी लावली. बोल्ट उलटा धरला, हलवला, तरी ती जागची हलेना. ब्लोबॅकमध्ये पुंगळी चेंबरमधून निघते ती मुख्यतः स्वतःच्या दाबाने, त्यामुळे आकडी सैल असली तरी पुंगळी मागे येते. पण इजेक्टरवर आपटेपर्यंत तिला धरून ठेवणारे कोणी नसते आणि ती भरकटून खिडकीत अडते. दुबळ्या काडतुसाचा आणि सैल आकडीचा अडथळा दिसायला अगदी सारखा असतो, म्हणून मी इतके दिवस फक्त काडतुसांना दोष देत होतो.

पुढे न सरकणाऱ्या काडतुसांसाठी मी तिन्ही मॅगझिनवर बायकोच्या नेलपॉलिशने १, २, ३ असे आकडे घातले. तिला ते फारसे रुचले नाही. एखादे मॅगझिन खराब निघेल आणि ते बदलून घेता येईल, अशी माझी खात्री होती. पण वहीत तिन्ही आकडे जवळपास सारखेच उतरले. दोष माझ्या अंगठ्यात निघाला. या काडतुसाच्या बुडाला कड असते आणि मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात. वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. मी मॅगझिनच्या बाजूचे बटण तळापर्यंत ओढून काडतुसे भराभर आत सोडत होतो. त्यात एखाद्याची कड मागे राहायची, खालच्या कडेत अडायची, आणि मग बोल्टने कितीही ढकलले तरी ते पुढे जायचे नाही. आता बटण एका काडतुसाएवढेच खाली घेतो आणि एकेक काडतूस पुढच्या बाजूने खाली दाबत मागे सरकवतो. वेळ लागतो खरा, पण त्या प्रकारचा अडथळा पुन्हा आलेला नाही.

राहिला फुसका बार. खटका वाजला आणि बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडे ठेवून ३० सेकंद थांबायचे, कारण क्वचित काडतूस उशिराने पेटते. एनसीसीतल्या उस्तादांनी हे इतक्या मोठ्या आवाजात शिकवले होते की अजूनही ते ३० सेकंद मी त्यांच्याच आवाजात मोजतो. ०.२२ मध्ये पेटणारे रसायन पुंगळीच्या पोकळ कडेत पसरलेले असते. कडेचा एखादा तुकडा कोरडा राहिला आणि फायरिंग पिन नेमकी तेथेच आदळली, तर काही होत नाही. माझ्या दोन्ही काडतुसांवर पिनेचा खोल, स्वच्छ ठसा होता, म्हणजे रायफलने तिचे काम केले होते. ती अर्धे वळण फिरवून पुन्हा घातली आणि दोन्ही उडाली. बार झाला पण आवाज दबका आला, तर मात्र वेगळीच गोष्ट असते. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तेव्हा पुढची गोळी न झाडता रायफल रिकामी करून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का हे आधी पाहायचे. माझ्यावर तशी वेळ आली नाही.

परवाच्या खेपेला १०० काडतुसांत एकच अडथळा आला, तोही खटक्याचा. त्याच संध्याकाळी मुद्दाम उरलेली स्टँडर्ड काडतुसे झाडून पाहिली. मोकळी झालेली आकडी आणि थोडी वापरात आलेली स्प्रिंग असूनही ५० मध्ये दोन धुराडी आलीच. त्यांची अर्धी पेटी शिल्लक आहे. पुढच्या आठवड्यात तापमान १० अंशांवर जाईल असा अंदाज आहे, तेव्हा तीच पेटी घेऊन पुन्हा जाणार आहे. बाकी काहीही बदलणार नाही.