घोडी सरकली, तीन हजार गेले

परभणीत माझं मेडिकल आहे. सकाळी नऊ ते रात्री दहा गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या, उधारीची वही सांभाळायची, आणि शटर अर्धं ओढलं की मागच्या खोलीत अर्धा तास गिटार. कॉलेजात असताना आमचा ऑर्केस्ट्रा होता. गणपती, हळदी, एखादा सत्कार. मी ऱ्हिदम गिटारला. चार कॉर्डवर आठ वर्षं निघाली आणि कुणाची तक्रार आली नाही.

जॅझचं खूळ उशिरा लागलं. आमचा कीबोर्डवाला आता नांदेडला शिक्षक आहे. जुन्या हिंदी गाण्यांतल्या ज्या कॉर्ड आपण ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून सोडून द्यायचो त्या जॅझमधून आल्यात, असं तो एकदा फोनवर म्हणाला. मुंबईच्या स्टुडिओंत दिवसा रेकॉर्डिंगला बसणारी गोव्याची मंडळी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायची. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवाला त्यांतलाच. तिथून मी वेस माँटगोमेरी या अमेरिकन गिटारवाल्यापर्यंत पोचलो. तो पिक (तार छेडायची चकती) न घेता नुसत्या अंगठ्याने वाजवायचा. मग जो पास, मग जिम हॉल. या लोकांच्या हातात गिटार दिसायची ती वेगळीच: छाती, म्हणजे समोरची फळी, फुगलेली, मधे गोल भोक नाही, दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारखी एफ आकाराची भोकं.

ही आर्चटॉप. गिब्सन कंपनीची एल-५ आली १९२२ साली, आणि मोठ्या बँडांतून बँजोला या जातीच्या गिटारनेच हटवलं, कारण बाकीच्या गोंगाटातही हिचा ठोका ऐकू जायचा. १९३६ मध्ये ईएस-१५० आली, तिला पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेतून ॲम्पला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) देणारं चुंबक, बसवलेलं होतं, आणि चार्ली ख्रिश्चनने त्यावर सोलो वाजवून गिटारला मागच्या रांगेतून पुढे आणलं. १९४९ ची ईएस-१७५ मात्र माझ्या कामाची निघाली, म्हणजे तिची कल्पना. तिची छाती सलग लाकडातून कोरलेली नाही, पातळ थर एकमेकांवर चिकटवून, दाबून वळवलेली आहे. प्लायवूड म्हणून नाक मुरडणारे आहेत. त्यांनी मे महिन्यात परभणीला येऊन राहावं. चव्वेचाळीस अंशांत सलग लाकूड तडकायला वेळ लागत नाही, थरांचं तग धरतं. शिवाय ॲम्प लावला की थरांची छाती कमी शिट्ट्या मारते.

नवी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण मुलीच्या नीटच्या क्लासची फी भरून झाल्यावर नवी गिटार घरात आणायचं तोंड नव्हतं. म्हणून जुनी.

पहिली जाहिरात मुंबईची. किंमत इतकी कमी की तिथेच कळायला हवं होतं. त्याने क्यूआर पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, टोकन तुमच्याच खात्यात जमा होईल. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, एवढं दिवसाला पन्नास क्यूआर बघणाऱ्या मेडिकलवाल्याला कळतं. नंबर ब्लॉक केला.

दुसरी पुण्याची. माणूस खरा होता, गिटारच बसलेली होती. त्याचे सगळे फोटो समोरून काढलेले. मी म्हटलं, एक फोटो बाजूने काढा, छातीच्या पातळीत मोबाईल धरून. तो आला तेव्हा दिसलं की घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, तिच्याखालचा भाग चक्क खाली गेलाय. आर्चटॉपमध्ये तारांचा सगळा दाब घोडीवरून छातीवर येतो, आणि आतून आधाराला चिकटवलेल्या पट्ट्या सुटल्या की छाती दबते. फुगवटा उरला नव्हता, ताट झालं होतं. विकणारा म्हणाला, तो व्हिंटेज लूक आहे. मी आभार मानले. त्या दिवसापासून मी फोटोंची मागणी ठरवूनच टाकली: बाजूने एक, मानेच्या टोकाकडून पडद्यांच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) रेषेत एक, मान जिथे अंगाला मिळते त्या सांध्याचा एक, आणि एफच्या भोकाच्या कडेचा अगदी जवळून एक. कडेला थर दिसले तर थरांची, रेषा वरून खाली सलग उतरली तर कोरीव. बरेच जण असे फोटो मागितल्यावर उत्तरच देत नाहीत. वेळ वाचतो.

तिसरी संभाजीनगरची. वाळूजच्या कंपनीतला इंजिनिअर, मूळचा सांगलीकडचा, बदली चाकणला. आयबानेझची आर्टकोअर मालिकेतली एएफ-७५, चीनमध्ये बनलेली, थरांची छाती, दोन पिकअप. मागणी अडतीस हजार. चारही फोटो दहा मिनिटांत आले. फोनवर चौतीसपर्यंत उतरला. फक्त म्हणाला, “सर, खरं सांगतो, हल्ली ती नीट सुरात लागत नाही. जाड तारा खणखणतात. म्हणूनच वाजवायची सोडली.” सांगून विकणारा माणूस भेटला म्हणून मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

रविवारी पहाटेची गाडी धरली. जालना गेलं तेव्हा ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. स्टेशनवरून बाबा पेट्रोल पंप, तिथून बजाजनगरला शेअर रिक्षा. खिशात सूर मोजायचा ट्यूनर, स्टीलची पट्टी, दुकानातला टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणलेला छोटा आरसा. दाराशी त्याच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाला तपासायला आलोय.

आधी ॲम्पला न लावता नुसती हातात घेतली. आरसा एफच्या भोकातून आत सारला, टॉर्च मारला. पट्ट्या जागेवर, फटी नाहीत, फक्त धूळ आणि एक हरवलेलं पिक. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरली आणि सातव्या-आठव्याजवळ फट पाहिली. जाड कागद जाईल एवढी. म्हणजे मान ठीक. मानेच्या कडेवरून तळवा फिरवला तर पडद्यांची टोकं किंचित बोचली. सुक्या हवेत लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून हे होतं. कानशीने निघतं. घोडीच्या चाकांना वर-खाली दोन्हीकडे जागा होती, हे सगळ्यात महत्त्वाचं. घोडी पार तळाला टेकवूनही तारा उंचच राहत असतील तर मानेचा कोनच चुकलेला असतो, आणि ते काम मराठवाड्यात कोण करणार?

मग ट्यूनर लावला. मोकळी तार बरोबर, बाराव्या पडद्यावर तीच तार वीस सेंट चढी. शंभर सेंटांचा अर्धा सूर, म्हणजे पाचवा हिस्सा. कानाला टोचतो. दुसरी तार तशीच, तिसरी तशीच. इंजिनिअर खाली मान घालून म्हणाला, “बघा, मी म्हणालो होतो. तीस द्या आणि संपवा.”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण माझी नजर घोडीवर होती. साध्या ॲकुस्टिकची घोडी सरसाने चिकटवलेली असते. आर्चटॉपची व्हायोलिनसारखी नुसती ठेवलेली असते. तारांच्या दाबाने उभी राहते. मी पट्टी काढली. मानेच्या वरच्या टोकाच्या खाचेपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३१४ मिलिमीटर. तेवढंच अंतर पुढे घोडीपर्यंत हवं, वर एक-दोन मिलिमीटर जास्तच. इथे ते ३१० भरलं. मग खाचांकडे लक्ष गेलं. पातळ तार एका रुंद खाचेत सैल पडली होती, आणि सगळ्यात जाड तार अरुंद खाचेच्या काठावर चढून बसली होती. खिशातलं रेल्वेचं तिकीट काढून घोडीच्या पायाखाली सारलं तर एका बाजूने अर्धं आत गेलं.

“तारा कधी बदलल्या?”

“दिवाळीत. यूट्यूबवर बघून. सगळ्या काढल्या आणि छान पुसून घेतली.”

“आणि घोडी निघून आली असेल.”

“हो, ती पडलीच. मग अंदाजाने ठेवली.”

अंदाजाने आणि उलटी. जाड तारांची उंच बाजू पातळ तारांकडे गेली होती, म्हणून जाड तारा खाली जाऊन पडद्यांवर खणखणत होत्या. मी गिटार खिडकीकडे नेऊन उजेडात तिरकी धरली. पॉलिशवर घोडीच्या पायांचा जुना पुसट ठसा दिसत होता, आताच्या जागेपासून चार-पाच मिलिमीटर मागे. बिचारीची जागा तिच्या अंगावरच लिहून ठेवलेली होती.

माझ्यातल्या व्यापाऱ्याने याच वेळी तीस हजार मोजून बाहेर पडायला पाहिजे होतं. चौदा वर्षं दुकान चालवतोय, एवढं शिकलो असेन असं मला वाटत होतं. पण हात थांबेनात. त्यांच्याकडून एक मऊ टॉवेल मागितला, तारा ओढून धरणाऱ्या खालच्या पट्टीखाली घातला म्हणजे पॉलिशला ओरखडा जायला नको, तारा सैल केल्या, घोडी फिरवून ठशावर ठेवली, पुन्हा सूर लावला. बारावा पडदा बघायचा, केसभर सरकवायचं, पुन्हा बघायचा. अर्धा तास गेला. चहा आला, थंड झाला. शेवटी पहिली तार जुळली, सहावी जुळली, मधल्या दोन-दोन सेंटांत आल्या. एक मेजर सेव्हन्थ कॉर्ड छेडली. सूर उठला आणि लगेच विझला, रेंगाळला नाही. कोरडा, गोलसर, लाकडाचा. आतून त्याची बायको बाहेर आली. “अय्या, हीच का ती?”

इंजिनिअरने गिटार हातात घेतली, त्याला येणारा एकुलता एक सी मेजर वाजवला, दोनदा वाजवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, आता तीसला नाही हो जमणार.”

तेहतीसवर तोडगा निघाला. साध्या कागदावर त्याने विक्री लिहून दिली, त्यावर गिटारवरचा नंबर टाकला, सही केली. रेल्वेत कुणी विचारलं तर हातात काहीतरी असावं. कव्हर नव्हतं. माझं जुनं कव्हर नेलं होतं, पण आर्चटॉपचं अंग जाड, चेन अर्ध्यावरच अडली. शेवटी त्यांच्या घरातली एक जुनी गोधडी दोनशे रुपयांत मिळाली. परतीच्या गाडीत सेलूपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. समोरच्या आजींनी विचारलं, “लेकरू आजारी हाय का?”

घरी सगळी हकिकत सांगितली. बायको ऐकत होती, मग म्हणाली, “अहो, पैसे देऊन झाल्यावर सरकवायची ना मग.” तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात इतर कामांनाही वापरलं जातं.

नंतर फ्लॅटवाऊंड तारा मागवल्या. जाड तारांवरचं वेष्टण गोल तारेचं नसतं, चपट्या पट्टीचं असतं, त्यामुळे बोट सरकताना करकर होत नाही. बदलताना एकेकच काढली आणि आधी घोडीच्या चारही बाजूंनी दुकानातली मायक्रोपोर टेप चिकटवून ठेवली. एवढं झाल्यावर काही व्हायचं उरलं नाही असं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी ॲम्पची वायर लावताना आत काहीतरी खळकन पडलं. केबल घालायचा जॅक. त्याचं नट सैल होतं, ते मी तपासलंच नव्हतं. आरसा घेऊन पट्ट्या बघणारा माणूस नट हाताने हलवून बघत नाही, याला काय म्हणावं! डीजेचे ॲम्प दुरुस्त करणाऱ्या मित्राकडे नेली. त्याने चारी बाजूंनी फिरवून बघितली. “हे खोलायचं कुठून? मागं झाकणच नाही की हेला!”

नसतंच. सगळं एफच्या भोकातून. वाकवलेल्या तारेने जॅक भोकाच्या तोंडाशी आणता येत होता, पण तिथून आतल्या आत बाजूच्या फळीतल्या त्याच्या जागेवर कसा न्यायचा? त्याने सुतळी बांधून पाहिली, सुटली. मग मला सुचलं. कॅथेटरची, म्हणजे रुग्णाला घालायच्या नळीची, जाडी फ्रेंच मापात असते, तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर. जॅकमध्ये जाणाऱ्या पिनची जाडी ६.३५ मिलिमीटर. अठरा नंबरची नळी सहा भरते, सैल बसेल. वीसची ६.६७, थोडी दाबून जाईल. पोराला दुकानात पाठवून वीस नंबरचं सक्शन कॅथेटर आणवलं. फळीच्या भोकातून ते आत घातलं, एफमधून बाहेर काढलं, जॅकच्या तोंडात घट्ट रोवलं, आणि हळूहळू मागे ओढलं. जॅक आज्ञाधारकासारखा जागेवर आला. मित्राने बाहेरून नट आवळलं, मी नळी ओढून काढली. त्याने एक पैसा घेतला नाही, फक्त ते कॅथेटर ठेवून घेतलं. म्हणाला, पुढच्याला लागंल.

महिनाअखेरीस स्टॉक मोजताना पोराने रॅकजवळून हाक मारली, “शेठ, वीस नंबरचं एक कमी भरायलंय. कुणाच्या नावावर टाकू?”