आमची वाटचाल: पाच जेवणांचा नियम

माझं गाव बत्तीस शिराळ्याच्या शेजारचं. साप दूध पीत नाही, हे आम्हा पोरांना नागपंचमीच्या गर्दीत उभं राहूनच कळलं होतं. सापाचं नवं पिल्लू पुढ्यातला उंदीरही सहजी खात नाही, हे मात्र इंग्लंडात, लेस्टरला येऊन, पदरचे पैसे घालवून कळलं.

बायकोला इथल्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली, तिच्यामागून मी आलो. गोदामात रात्रपाळी करायचो. 2014 साली हौस म्हणून कॉर्न स्नेकची एक मोठी जोडी घेतली. हा अमेरिकेतला बिनविषारी साप, आपल्या धामणीचा लांबचा भाऊबंद म्हणा. पोटाखाली रंगीत मक्याच्या कणसासारखे काळे-पांढरे चौकोन. इथं घरी पाळायला त्याला परवाना लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मादीनं सोळा अंडी घातली. ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या चुऱ्यात, 28 अंशांवर ठेवली आणि साठेक दिवसांनी सोळाच्या सोळा फुटली. वीतभर लांब, बोरूएवढी जाड, सहा-सहा ग्रॅमची पिल्लं. सोळा गुणिले तीस पौंड, असा हिशेब मी फ्रिजच्या दारावर लिहूनही टाकला.

पिल्लू अंड्यातून येताना पोटात बलकाची शिदोरी घेऊन येतं. आठ-दहा दिवसांनी पहिली कात टाकेपर्यंत त्याला कशाची गरज नसते. मला एवढा दम कुठला! तिसऱ्याच दिवशी प्रत्येकापुढे पिंकी ठेवली. पिंकी म्हणजे उंदराचं बिनकेसांचं, दीड-दोन ग्रॅमचं गोठवलेलं पिल्लू. सकाळी सोळा पिंक्या जिथल्या तिथं. कात टाकल्यावर नऊ जण जेवले, सात नाही. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला. दोघांची तोंडं उघडून पिंकी आत ढकलली. एकानं ती पहाटे ओकून टाकली. दोन्ही पिल्लं त्याच आठवड्यात गेली. उरलेली पाच उपाशीच होती, पण जिवंत होती. घाई केली नसती तर ती दोघंही जगली असती.

मग बायकोनं कारभार हातात घेतला. वॉर्डात पेशंटचे तक्ते भरायची सवय; तिनं प्रत्येक डब्याला क्रमांक दिला, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणला आणि रविवारी वजन, गुरुवारी जेवण असं वेळापत्रक लावलं. तक्ते दिसायला लागले तसं एकेक ध्यानात आलं. जंगलात या पिल्लांचा पहिला घास बहुधा छोटा सरडा किंवा झाडावरचा बेडूक असतो. उंदराचा वास त्यांना जेवणाचा वाटतच नाही. रुसवा वगैरे काही नसतो, ताटात आलेली वस्तूच ओळखीची नसते.

म्हणून आम्ही लेपर्ड गेको नावाची पाल पाळली, निव्वळ तिच्या कातीसाठी. ती कात स्वतःच गिळून टाकते, तेव्हा तिच्याआधी पोचावं लागतं. पिंकी कोमट पाण्यात वितळवायची, बिनवासाच्या साबणानं धुवायची, टिशूनं कोरडी करायची आणि ओल्या कातीचा तुकडा तिच्या नाकाडावर घासायचा. टेकअवेत चटणी येते तेवढ्याशा, भोकं पाडलेल्या डबीत पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून, वर कापड टाकून, रात्रभर तिकडे फिरकायचं नाही. बघायला म्हणून झाकण उचललं की रात्र वाया. एवढ्यानं भागलं नाही, तर टाचणीनं पिंकीचं डोकं टोचून निघालेला थेंब तिच्या नाकावर पसरायचा. वाचायला किळस येईल, पण उपाय चालतो.

क्रमांक 14 नं यातलं काहीच मानलं नाही. नऊ आठवडे. वजन 6.1 वरून 5.2 वर. शेवटी एका रात्री अकरा वाजता बायकोनं लांब चिमट्यात पिंकी धरली आणि तिनं पिल्लाच्या शेपटीला हळूच टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्या टिचकीला ते चिडलं, फटकन चावलं आणि दात अडकले म्हणून तसंच धरून राहिलं. आम्ही दोघं पुतळ्यासारखी उभी. चिमटाही सोडवेना. दोन-तीन मिनिटांनी जबडा एकदा डावीकडून सरकला, एकदा उजवीकडून, आणि पिंकीचं डोकं दिसेनासं झालं.

2017 मध्ये पश्चिमी हॉगनोज या दुसऱ्या जातीच्या सापाची सहा पिल्लं घेतली. विकणारा म्हणाला, 'सगळी खातात.' एकही खात नव्हतं. या जातीची मूळची आवड बेडकांची. त्यांच्यासाठी पाण्यातल्या ट्यूनाचा डबा लागतो, खारवलेला नको. पिंकी त्यात बुडवून दिल्यावर चार जेवली, दोन हातची गेली. तेव्हापासून आमचा नियम झाला : सलग पाच जेवणं झाल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही, आणि त्यांतली शेवटची तीन बिनवासाची, साध्या पिंकीची. पिल्लाबरोबर त्याचा तक्ताही गिऱ्हाइकाला मिळतो. यामुळे विक्री दोन-तीन महिने लांबते आणि त्या काळातली वीज आमच्या माथी. एक-दोन दुकानदारांनी त्यावरून आमचा नादच सोडला.

ऑक्टोबर 2018 पासून इंग्लंडात पाळीव प्राणी विकण्याच्या परवान्याचे नवे नियम आले, तपासणी करून तारे देतात. आम्हाला तक्ते नव्यानं करावे लागले नाहीत, बायकोची वही पुढे केली.

पुण्याहून, नाशिकहून फोन येतात : पाठवता का? नाही पाठवत. धामण, नानेटी, अजगर असले आपले साप घरी ठेवणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. साप घरात निघाला तर सर्पमित्राला बोलवा.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा मटार समजून त्यांनी पिंक्यांची पिशवी उघडली. आता सापांचा फ्रीझर वेगळा आहे, त्याला कुलूपही आहे.

क्रमांक 14 आम्ही विकला नाही. चार फुटांच्या वर गेलाय, आणि आता चिमटा दिसला तरी झेपावतो. यंदा 31 पिल्लं निघाली, 26 जेवली. पाच डब्यांवर लाल चिकटपट्टी आहे. आज गुरुवार, गेकोनं दुपारी कात टाकलीय आणि या वेळी मी तिच्याआधी पोचलो.