मरोन

९ जुलै २०२५, बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आत्ता टीव्ही बंद केला. रग्बी लीगची मॅच, आमचं क्वीन्सलँड २४, न्यू साउथ वेल्स १२, आणि तेही त्यांच्या सिडनीत जाऊन. शेजारी अजून मागच्या अंगणात ओरडतायत, उद्या ऑफिस आहे हे कुणाच्या गावीही नाही.

पहिली मॅच इथे ब्रिस्बेनलाच होती, ती १८-६ ने हरलो तेव्हा पोरगा न जेवता झोपला होता. मग पर्थला २६-२४, जीव मुठीत धरून जिंकलो, आणि आज सिरीजच खिशात. बघा, 'हरलो', 'जिंकलो' लिहितोय मी. मी कोण लागून गेलो?

या सिरीजचं नावच स्टेट ऑफ ओरिजिन. म्हणजे आपल्याकडे पहिल्या भेटीत विचारतात ना, मूळ गाव कुठलं, तेच. दोन राज्यांच्या मॅचेस १९०८ पासून होत्या, पण आधी तू ज्या क्लबकडून खेळतोस त्या क्लबच्या राज्याचा, असा हिशेब होता. सिडनीच्या क्लबांकडे पोकर मशीनचा, म्हणजे जुगाराच्या यंत्रांचा पैसा, ते क्वीन्सलँडची चांगली चांगली पोरं उचलून न्यायचे आणि तीच पोरं न्यू साउथ वेल्सची निळी जर्सी घालून आपल्याच राज्याला तुडवायची. शेवटी १९८० ला इथल्या लँग पार्कवर मूळ बघून टीम पाडल्या. आर्थर बीटसन, ३५ वर्षांचा गडी, एकेकाळी निळ्यांकडून खेळलेला, तो क्वीन्सलँडचा कॅप्टन, आणि २०-१० ने जिंकले. त्या मॅचमध्ये त्याने आपल्याच क्लबातल्या मिक क्रोनिनला एक लगावली होती ही गोष्ट ऑफिसात मला निदान चार जणांनी सांगितलीय, प्रत्येक वेळी ठोसा थोडा मोठा होतो.

मला हे सगळं लगेच कळलं कारण मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम) आणि शिवाजी या फुटबॉलच्या टीम समोरासमोर आल्या की पेठेत काय वातावरण असतं ते पाहिलंय, आणि तालीम बदलून गेलेल्या प्लेअरला गॅलरीतून काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. इथेही बाहेरच्या टीमची बस कॅक्स्टन स्ट्रीटवरून स्टेडियमकडे निघाली की दोन्ही बाजूंनी लोक शिव्या द्यायला उभे असतात. एकदम घरच्यासारखं वाटलं मला.

हाफटाइमला आईचा व्हिडिओ कॉल, तिकडे चारच्या चहाची वेळ. पोराने क्वीन्सलँडची गडद लाल जर्सी दाखवली, म्हणाला मरून आहे आजी, तर ती म्हणाली शुभ बोल की जरा. मग त्यानेच सांगितलं की या रंगाला इथे मरोन म्हणतात. मी तिला सांगत होतो की आपला कॅप्टन मन्स्टर, त्याचे वडील रविवारी गेले आणि हा आज खेळतोय. मला वाटलं आता सुतक वगैरे काढणार. गप्प बसली जरा, मग म्हणाली, "सचिन नव्हता का आला परत?" १९९९, ब्रिस्टल, केनियाविरुद्ध १४० नाबाद. ती मॅच आमच्याकडे बाबांनी उभ्याने बघितली होती. पुढे कुणीच काही बोललं नाही, तेवढ्यात सेकंड हाफ सुरू झाला.

आता घरातला घोळ. पोरगा सिडनीत जन्मला, चौथ्या वर्षी इकडे आला, आता नऊचा आहे. नियमाप्रमाणे जन्म तिकडचा म्हणून तिकडचा, आणि तेराव्या वाढदिवसाआधी इथे राहिला म्हणून इथलाही चालतो. बायको म्हणते सिडनीचे दिवस चांगले होते, ती मुद्दाम निळा कुर्ता घालून बसली होती आणि शेवटी हरल्यावर भांडी जरा जोरातच घासली. मी एकतिसाव्या वर्षी या देशात उतरलो, त्यामुळे मी कुठल्याच यादीत बसत नाही. मला ऑफिसात विचारलं की मी क्वीन्सलँड म्हणतो खरा, पण ते सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या पहिल्या भाड्याच्या खोलीशी बेइमानी केल्यासारखं वाटतं, का कोण जाणे.

पोराने शेवटच्या पाच मिनिटांत जर्सीवर टोमॅटो सॉस सांडला, मी तशीच मशीनमध्ये टाकली. आत्ता लिहिता लिहिता आठवलं, आत माझे दोन पांढरे शर्ट पण आहेत. गरम पाण्यावर.